अटलांटातला पहिला वसंत : नव्याने आलेल्यांसाठी

मार्च संपता संपता एका सकाळी तुम्ही दार उघडाल आणि काल रात्री लावलेली गाडी हळद लागल्यासारखी पिवळी दिसेल. घाबरू नका, शेजाऱ्याच्या पोराचा उद्योग नाही तो. पाइनच्या झाडांचे परागकण आहेत. अटलांटात वसंत आधी गाडीवर दिसतो, मग झाडावर.

भारतातून, किंवा अमेरिकेतल्याच एखाद्या थंड गावातून इथे आलेली आपली मंडळी पहिल्या वर्षी हटकून एकच चूक करतात. आम्हीही केली होती. हिवाळाभर घरात बसायचं, ‘जरा गरम होऊ दे, मग फिरू’ म्हणत राहायचं. मे उजाडला की कळतं, गरम तर झालंच आहे, फिरायचं तेवढं राहून गेलं. इथला वसंत फेब्रुवारीच्या शेवटाला डोकावतो आणि मेच्या मध्याला निघून जातो. त्यातले ऐन बहराचे आठवडे जेमतेम सहा. झाडंही पाळी लावून फुलतात. एकाचा बहर सरला की दुसऱ्याचा. त्यामुळे ‘कुठे जायचं’ याआधी ‘कधी जायचं’ हे ठरवावं लागतं. खालचा क्रमही म्हणूनच तारखांचा आहे, ठिकाणांच्या प्रसिद्धीचा नाही.

आणि एक सूत्र आधीच सांगून टाकतो, पुढे ते पुन्हा पुन्हा येईल : रात्री पाऊस पडून गेला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. बाकी बेत बाजूला ठेवा. हवेतले परागकण धुऊन निघालेले असतात, ओढ्यांना पाणी असतं, दगडांवरच्या फुलांना तजेला असतो आणि अर्धं शहर ‘ओलं असेल’ म्हणून घरीच बसलेलं असतं.

पहिली पायरी : फेब्रुवारीत घरबसल्या करायच्या गोष्टी

ॲलर्जीचं आधी बघा. ‘मला कसली ॲलर्जी? पुण्याच्या धुळीत वाढलोय मी,’ असं म्हणणारे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वसंतात डोळे चोळत औषधाच्या दुकानात उभे असलेले मी पाहिले आहेत. इथे दररोज एक घनमीटर हवेत किती परागकण आहेत ते मोजतात. आकडा १,५०० च्या वर गेला की ‘अतिशय जास्त’ धरतात. २९ मार्च २०२५ला तो १४,८०१ होता, आजवरचा इथला उच्चांक. गंमत म्हणजे गाडीवर दिसणारी पाइनची पिवळी पूड फारशी छळत नाही, ते कण मोठे आणि जड असतात. शिंका काढायला लावणारे ओक आणि बर्चचे कण इतके बारीक की दिसतही नाहीत. त्यामुळे गाडी स्वच्छ दिसली म्हणून हवा स्वच्छ आहे असं समजू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारून गोळी चालू करायची असेल तर त्रास सुरू होण्याआधीच करा. फिरून आलात की कपडे थेट मशीनमध्ये टाका आणि केस धुऊन मगच उशीला डोकं लावा. घराच्या खिडक्या मात्र बंद. हे जीवावर येतं, कारण वर्षातली सगळ्यात सुंदर हवा नेमकी तेव्हाच असते.

दुसरं म्हणजे वाचनालयाचं कार्ड काढा. पुस्तकांसाठी काढाच, पण इथल्या सार्वजनिक वाचनालयांतून जॉर्जियाच्या स्टेट पार्कांचा पासही पुस्तकासारखा घरी नेता येतो. एरवी प्रत्येक स्टेट पार्कात गाडीमागे ५ डॉलर पडतात. बहराच्या दिवसांत या पासला मागणी फार, म्हणून फेब्रुवारीतच नंबर लावा. चॅटाहूची नदीकाठची जी राष्ट्रीय उद्यानाची जागा आहे तिथे हा पास चालत नाही. तिथे वेगळे ५ डॉलर, किंवा देशभर चालणारा वार्षिक पास. नवे लोक इथे हमखास गोंधळतात आणि वाऱ्यावर फडफडणारी दंडाची चिठ्ठी घेऊन परततात.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं. त्या दिवसापासून ऑफिस सुटल्यावरही फिरायला उजेड उरतो. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

दुसरी पायरी : आपल्याच गल्लीतली झाडं ओळखा

मार्चचे पहिले दोन आठवडे कुठे लांब जाऊ नका. शहराच्या उत्तरेकडच्या अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या भागात आपली वस्ती मोठी, आणि बघण्यासारखं सगळं तिथल्या फुटपाथवरच असतं.

सर्वांत आधी पांढऱ्याशुभ्र फुलांनी लगडलेली, अगदी चित्रातल्यासारखी गोल झाडं दिसतील. ती ब्रॅडफर्ड पेअर. फोटो लांबूनच काढा. जवळ गेलात तर सुक्या बोंबलांची आठवण होईल, आणि ही अतिशयोक्ती नाही.

त्यानंतर रेडबड. पान एकही नाही आणि काळसर फांद्यांवर, चक्क खोडावरसुद्धा, गुलाबी-जांभळ्या फुलांचे झुपके चिकटवल्यासारखे. नीट पाहिलंत तर फूल ओळखीचं वाटेल, कारण हे झाड आपल्या कांचनाच्या आणि आपट्याच्या नात्यातलं आहे. एप्रिलमध्ये त्याला हृदयाच्या आकाराची पानं येतात. दसऱ्याला इथे आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या माझ्या आईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, “अरे, मग चुलतभावाकडूनच सोनं घ्यायचं की!” तेव्हापासून आमच्याकडे दसऱ्याला रेडबडची पानं वाटतात.

डॉगवूड येतो मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. या शहराचं मन त्याच्यावर जडलेलं आहे. त्याच्या नावाचा उत्सव इथे १९३६ पासून चालत आला आहे. चार पांढऱ्या पाकळ्या दिसतात त्या खरं तर पाकळ्या नव्हेतच. बोगनवेलीसारखी ती रंगीत पानं, आणि फुलं म्हणजे मधला हिरवट-पिवळा पुंजका.

पाय मोकळे करायला बिग क्रीक ग्रीनवे उत्तम. सपाट, पक्का रस्ता, बाबागाडी आणि आई-बाबा दोन्ही चालतील असा. भारतातून आई-वडील आले असतील तर त्यांची पहिली सहल इथेच काढा. पावसानंतर निघा म्हणालो खरं, पण या एका जागेला तो नियम लावू नका. जोराच्या पावसानंतर ओढा रस्त्यावर येतो आणि काही भाग बंद करतात.

तिसरी पायरी : दगडावरची लाल फुलं

या लेखातली एकच गोष्ट करायची म्हणालात तर ही करा.

शहराच्या पूर्वेला, लिथोनियाजवळ अरेबिया माउंटन आहे. नाव माउंटन, पण प्रत्यक्षात ती एक बुटकी, उघडीबोडकी खडकाची पाठ. पार्किंग फुकट, चढ अर्ध्या मैलाच्या आसपास, पाच वर्षांचं पोरही चढतं. झाडी संपली की राखाडी दगड सुरू होतो. पुढे पायवाट उरत नाही, रचलेल्या दगडांच्या खुणा बघत जायचं.

मार्चच्या शेवटी इथे पोचलात की दगडात जागोजाग उथळ खळगे दिसतील. कुणी तबकाएवढा, कुणी परातीएवढा. त्यात बोटभर माती, वर पावसाचं थोडं पाणी, आणि सगळा खळगा रक्तासारखा लालभडक. गुडघे टेकून डोकं खाली न्या. लाल दिसतंय ते फूल नव्हे, वनस्पतीच लाल आहे. तांदळाच्या दाण्याएवढी गुबगुबीत पानं, एकूण उंची दोन-तीन इंच. त्यावर मुगाएवढी पांढरी फुलं उमलतात. हा डायमॉर्फा. अजून थोडा वेळ तसेच राहिलात तर फुलांवरून मुंग्या ये-जा करताना दिसतील. मधमाश्यांना फार काही मिळावं एवढं ते फूल मोठंच नाही. परागकण इकडून तिकडे नेण्याचं काम मुंग्या करतात.

कासच्या पठारावर गेलेल्याला हे सगळं चटकन उमगेल. कातळ तोच नाही, ऋतू तोच नाही. कास फुलतं पावसाळ्याच्या शेवटी. पण हिशोब तोच : दगडावर मातीचा पातळ थर, त्यात थोडे दिवस टिकणारं पाणी, ते आटायच्या आत उगवायचं, फुलायचं आणि बी धरायचं. मेच्या उन्हात हा खडक तव्यासारखा तापतो. तोवर डायमॉर्फाचं आयुष्य आटोपलेलं असतं. वाळक्या काड्यांच्या टोकांवर बी तेवढं शरद ऋतूची वाट बघत राहतं.

म्हणूनच एक विनंती, हात जोडून. खळग्यात पाय ठेवू नका, मुलांना ठेवू देऊ नका, आणि फोटोसाठी फुलांत तर बसूच नका. त्या बोटभर मातीला जमायला कैक वर्षं लागलेली असतात आणि एका बुटाने ती उखडते. कासवर हेच झालं म्हणून तिथे कुंपणं आणि तिकिटं आली, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सकाळी आठच्या आत पोचा. ढग गडगडताना ऐकू आले तर तसेच उतरा. उघड्या खडकावर आडोसा कुठेच नाही.

याच जातीचा पण खूप मोठा खडक म्हणजे स्टोन माउंटन. तिथे गाडीमागे २० डॉलर, गर्दी भरपूर. पायवाट एका मैलाची, शेवटचा टप्पा कठडा धरून चढावा इतका खडा, तरी एकूण सिंहगडाच्या निम्मीही चढण नाही. वरून शहराच्या उंच इमारती दिसतात. एका कड्यावर अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या तीन नेत्यांचं प्रचंड शिल्प कोरलेलं आहे. ते पुरं झालं १९७२ला. १९१५मध्ये याच डोंगरावर कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी संघटना पुन्हा उभी राहिली, आणि १९६३च्या वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी जॉर्जियातल्या याच डोंगराचं नाव घेतलं, ते उगाच नव्हे. चढून जा, पण आपण कशावर उभे आहोत हे मुलांना सांगा.

चौथी पायरी : गाडी ठेवा, शहर पायी बघा

एप्रिलचा पहिला-दुसरा शनिवार यासाठी राखा. शाळांच्या वसंताच्या सुट्टीत अर्धं शहर फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे धावतं. त्या आठवड्यात दक्षिणेकडच्या हायवेवर अडकण्यापेक्षा रिकामं अटलांटा बघावं, असं माझं स्पष्ट मत.

उपनगरातून येणाऱ्यांनी नॉर्थ स्प्रिंग्ज स्टेशनवर गाडी लावावी. दिवसभराचं पार्किंग तिथे फुकट असतं. मार्टाची, म्हणजे इथल्या मेट्रोची, लाल लाइन पकडून मिडटाउनला उतरायचं. भाडं अडीच डॉलर. तिथून दहा-पंधरा मिनिटांत पिडमाँट पार्क. १८९५चं मोठं कापूस प्रदर्शन याच मैदानावर भरलं होतं. आता तिथे तळं आहे, लोळायला हिरवळ आहे आणि शनिवारी सकाळी भाजीबाजार भरतो. शेजारीच बोटॅनिकल गार्डन. ट्यूलिप बघायचे तर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. तिकीट स्वस्त नाही, वर्षातून एकदा जाणाऱ्याने तेव्हाच जावं. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा चाळीस फूट उंचीवरचा पूल मुलांना फार आवडतो.

पार्कच्या आग्नेय कोपऱ्यातून बेल्टलाइन लागते. जुन्या रेल्वेमार्गांच्या जागेवर शहराभोवती २२ मैलांचं कडं करायचं, ही कल्पना रायन ग्रॅव्हेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९९मध्ये जॉर्जिया टेकमधल्या आपल्या प्रबंधात मांडली. पूर्वेकडचा पट्टा २०१२ला खुला झाला आणि शहराचं फिरणंच बदललं. उजव्या बाजूने चाला आणि मुलाचा हात सोडू नका. स्कूटरवाले घंटी वाजवतील याची खात्री नाही.

वाटेत पॉन्स सिटी मार्केट लागेल. सिअर्स कंपनीचं १९२६चं अवाढव्य गोदाम, आता त्यात खाण्यापिण्याची दुकानं. गर्दी आणि भाव दोन्ही चढे. मी तिथे फक्त स्वच्छतागृह वापरतो आणि डबा समोरच्या हिस्टॉरिक फोर्थ वॉर्ड पार्कात उघडतो. तिथलं तळं शोभेचं वाटतं, पण मुळात पुराचं पाणी साठवायला खणलेलं आहे.

मग येते खरी युक्ती. आल्या वाटेने परत जाऊ नका. तसंच दक्षिणेला क्रॉग स्ट्रीटपर्यंत चाला, चित्रांनी मढलेला बोगदा बघा आणि इन्मन पार्क–रेनॉल्ड्सटाउन स्टेशन गाठा. वाटेतल्या जुन्या लाकडी घरांच्या अंगणांत या दिवसांत अझेलिया फुललेल्या असतात. स्टेशनवरून पश्चिमेकडची गाडी, फाइव्ह पॉइंट्सला बदल, आणि लाल लाइनने परत. सगळं मिळून चारेक मैल चालणं होतं आणि पार्किंगचा एक पैसा लागत नाही.

दुसऱ्या एखाद्या सकाळी किंग मेमोरियल स्टेशनला उतरा. जवळच ओकलंड सिमेट्री, १८५० पासूनचं कबरस्तान. स्मशानात सहल म्हटल्यावर आमच्या सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आत शिरल्यावर त्याच म्हणाल्या, “ही तर बाग आहे.” इथले लोक पूर्वी रविवारी डबे घेऊन येत, आजही येतात. गोल्फपटू बॉबी जोन्स यांच्या कबरीवर चाहते गोल्फचे चेंडू ठेवून जातात, ते बघा. तिथून ऑबर्न ॲव्हेन्यू चालत गाठता येतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर, त्यांची समाधी, त्यांच्या वडिलांचं चर्च, सगळं एकाच रस्त्यावर, आणि तिथेच गांधीजींचा पुतळा. गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना आपलं पुस्तक अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांची जयंती ११ एप्रिलला असते. आम्ही त्या आठवड्यातच तिथे जातो.

पाचवी पायरी : चटई अंथरण्याआधी खाली बघा

पहिल्याच वसंतात एका बागेत आम्ही भेळेचा घाट घातला. कांदा चिरून झाला, चटणीच्या बाटल्या उघडल्या आणि मुलगा किंचाळत उठला. सैलसर मातीच्या एका ढिगाला टेकून बसला होता तो. दिसायला निरुपद्रवी, कुणीतरी वाळू ओतल्यासारखा ढीग. फायर अँट्स. एक चावत नाही, दहा-वीस एकदम चावतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जागी पांढऱ्या तोंडाची पुळी. ती फोडायची नाही, साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवायची. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मात्र लगेच ९११. पावसानंतर हे ढिगारे जास्त दिसतात. माझ्या लाडक्या नियमाची ही दुसरी बाजू.

पॉयझन आयव्ही ओळखायला आपल्याला सोपी. बेलासारखं त्रिदळ दिसलं की हात मागे. मधल्या पानाचा देठ लांब असतो. झाडावर चढलेली जुनी वेल केसाळ सुंभासारखी दिसते. आपल्याकडे बिब्बा उततो, तोच हा प्रकार, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या. आंबा आणि काजूही त्यातच. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या ओठांना पुरळ येतं त्यांनी इथे जास्त जपावं. स्पर्श झालाच तर दहा-पंधरा मिनिटांत साबणाने खसखसून धुवा, कुत्रा बरोबर असेल तर त्यालाही.

सापांमध्ये कॉपरहेड नेहमीचा. तांबूस अंग, त्यावर डमरूच्या आकाराचे गडद पट्टे. वाळक्या पानांत तो दिसतच नाही, म्हणून पायवाट सोडायची नाही आणि लाकडामागे हात घालायचा नाही. विषारी आहे, जीव सहसा जात नाही, पण दवाखाना गाठायचाच. विषबाधेसाठी देशभर चालणारा मोफत क्रमांक १-८००-२२२-१२२२ फोनमध्ये आत्ताच साठवा. घरी आल्यावर गोचिडांसाठी मुलांच्या कानामागे आणि गुडघ्यामागे बघा. झालं.

आकाशाचंही थोडं. मार्च-एप्रिल हे टोर्नेडोंचे, म्हणजे जमिनीपर्यंत उतरणाऱ्या जबर वावटळींचे दिवस. फोनवर ‘टोर्नेडो वॉच’ आलं तर वादळाला पोषक हवा आहे, बेत आवरता घ्या. ‘वॉर्निंग’ आलं तर वादळ दिसलं आहे किंवा रडारवर सापडलं आहे. तेव्हा पक्क्या इमारतीच्या सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत. १४ मार्च २००८ला ते थेट डाउनटाउनवरून गेलं. तिथल्या स्टेडियममधला बास्केटबॉलचा सामना शेवटच्या क्षणी बरोबरीत आला आणि लांबला, म्हणून हजारो लोक त्या वेळी रस्त्यावर नव्हते.

सहावी पायरी : नदी

चॅटाहूची. इथले लोक लाडाने ‘हूच’ म्हणतात. १९७८ पासून तिच्या ४८ मैलांच्या पट्ट्यावरच्या काठच्या जागा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखल्या आहेत. एप्रिलमध्ये नदीकाठी चालायचं, पाण्यात उतरायचं नाही. बाहेर ७५ अंश फॅरनहाइट असलं तरी पाणी हाडं गोठवणारं असतं. कारण सोपं आहे : वरच्या अंगाला लेक लॅनिअरवर ब्यूफर्ड धरण आहे आणि ते तळातलं पाणी सोडतं, जिथे ऊन कधी पोचतच नाही. पाणी सोडलं की पातळीही झपाट्याने चढते. धरणाजवळ भोंगा वाजला तर बूट शोधत बसू नका, आधी वर या. टायरवर बसून तरंगत जायची हौस उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवा.

चालायला तीन जागा पुरेत. कोक्रन शोल्स : रुंद, सपाट, तीनेक मैलांचा फेरा, सगळ्या वयांना. सोप क्रीक : जुन्या कागद गिरणीचे पडके भिंताड आणि खळाळता ओढा, पावसाच्या दुसऱ्या दिवशी जाण्यासाठीच केलेली जागा. आणि ईस्ट पॅलिसेड्स : चढउतार आहे, पण शेवटी उंच बांबूचं बन लागतं. कोकणातल्या माणसाला बांबूचं काय कौतुक, असं मलाही वाटलं होतं. वारा सुटला, बांबूवर बांबू घासून करकर वाजले, आणि बायको पाच मिनिटं काही बोलली नाही. तिचं माहेर सावंतवाडीचं.

सातवी पायरी : दिवसभराचे पल्ले

पश्चिमेला अर्ध्या तासावर स्वीटवॉटर क्रीक स्टेट पार्क. वाचनालयाचा पास इथे बाहेर काढा. ओढ्याच्या काठाने थोडं चाललं की विटांची पाच मजली कापड गिरणी, छप्पर नसलेली, उभी दिसते. न्यू मँचेस्टर हे तिचं नाव. यादवी युद्धात, १८६४च्या जुलैमध्ये, उत्तरेच्या सैन्याने ती जाळली आणि गिरणीतल्या बायका-मुलांना धरून उत्तरेकडे पाठवलं. मुंबईच्या माणसाने इथे जरा थांबावं. याच युद्धात दक्षिणेचा कापूस इंग्लंडला पोचेनासा झाला, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ला युद्ध थांबलं आणि त्या भावावर सट्टा खेळलेले मुंबईचे व्यापारी एका फटक्यात बुडाले.

उत्तरेला दीड-पावणेदोन तासांवर अमिकालोला धबधबा, ७२९ फूट. जिन्याच्या ६०४ पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या पार्किंगमधून जा, खालून नको. मार्च-एप्रिलमध्ये इथे पाठीवर भलीमोठी बोचकी घेतलेले लोक भेटतील. अ‍ॅपलाचियन ट्रेल जवळच्या स्प्रिंगर माउंटनवरून सुरू होते आणि २,१९० मैलांहून जास्त चालत थेट मेन राज्यात संपते. वारीला निघालेल्याला विचारतो तसं ‘कुठून आलात?’ विचारा. आनंदाने थांबतात. आम्ही एकाला तिळगुळाच्या वड्या दिल्या होत्या, जानेवारीतल्या उरलेल्या. त्याने त्या तिथेच संपवल्या.

चेरीचा बहर बघायला मेकन, मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात. डॅफोडिलसाठी गिब्ज गार्डन्स, तेही मार्चातच. अझेलियांसाठी कॅलवे गार्डन्स, मार्चअखेर ते एप्रिलचा आरंभ. तिन्ही सुंदर, तिन्ही गर्दीचे, आणि तिन्हींची तारीख हवेनुसार आठवडाभर पुढेमागे होते. निघण्याआधी फोन करून ‘आज काय फुललंय?’ एवढंच विचारा. पहिल्या वर्षी यातलं एकच करा. एका वसंतात तिन्ही उरकायला गेलात तर लक्षात राहील तो फक्त हायवे.

शेवटची पायरी : मे

एप्रिलच्या मध्यापासून शेतांवर स्ट्रॉबेरी तोडायला जाता येतं. महाबळेश्वरचा हंगाम संपत आला की इथला सुरू होतो. सकाळी लवकर जा, नुसती लालच तोडा. टोकाशी पांढरी राहिलेली घरी नेऊन पिकत नाही. टोपलीचे पैसे वजनावर की आकारावर हे आधी विचारा. आम्ही एकदा न विचारता तीन टोपल्या भरल्या आणि मग महिनाभर शिकरणापासून मुरांब्यापर्यंत सगळं स्ट्रॉबेरीचंच खाल्लं.

मेच्या मध्याला डास येतात, दुपार नकोशी होते, आणि वसंत संपला हे कुणी सांगावं लागत नाही. तरी एक आठवडा अजून थांबा. भंडारदऱ्याला काजवे बघायला रात्र रात्र प्रवास केला असेल, तर इथे तेवढं करायचं कारण नाही. मेच्या शेवटी, आदल्या दिवशी पाऊस झालेला असेल अशा संध्याकाळी, साडेआठ-पावणेनऊच्या सुमाराला मागच्या अंगणात जा. गवताच्या पातळीवर पहिला पिवळट ठिपका उजळेल आणि इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा वळून विझेल. पोर्चचा दिवा आधी बंद करायचा, आणि शेजाऱ्यालाही सांगायचं त्याचा बंद कर म्हणून.